नंबर लागला

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. सुई टोचण्याआधी माणसाला बोलतं ठेवावं लागतं, म्हणून मी काहीबाही विचारते आणि मग समोरचं माणूसही मला विचारतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दहावीचा निकाल लागला की त्या विचारण्याला एकच विषय असतो. "सिस्टर, पोरीले मेडिकलचा क्लास लावू का? पैसा वसूल होते का त्याच्यात?" मी दंडावर कापूस घासत असते. खरं सांगते, त्या वेळी मला सुई जरा जोरात टोचावीशी वाटते. टोचत नाही. "पोरीला विचारा," एवढंच म्हणते. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "तिले काय समजते?"

तिला काय समजतं ते मला चांगलं माहीत आहे. मी स्वतः ती पोरगी होते.

माझे बाबा रोहिणखेड ते बुलढाणा काळीपिवळी जीप चालवायचे, अजूनही चालवतात. जीपमध्ये माणसं कोंबण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि राग तर कायम नाकावर. मागच्या सीटवर दोघांचं भांडण जुंपलं की ते भर घाटात जीप थांबवायचे, दोघांना दंडाला धरून खाली ओढायचे आणि पुढे निघून जायचे. मी एकुलती एक, पण म्हणून हात आखडता घेतला असं कधी झालं नाही. शाळेला दांडी मारली, कानफटात बसली. उलट बोलले, कानफटात बसली. मग संध्याकाळी स्वतःच बुलढाण्याहून गरम भजी घेऊन यायचे आणि मला आधी द्यायचे. त्या माराचं मला फारसं काही वाटायचं नाही. माझा तापट स्वभावही तिथूनच आलाय, तो काही आईकडचा नाही.

डॉक्टर व्हायचं हे माझं मी ठरवलेलं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाटायचं की बापाने पोरीला घोड्यावर बसवलं. मी नववीत असताना बाबांच्या जीपमध्ये, घाटाच्या अर्ध्यावर, एक बाई बाळंत झाली. मी तिच्या शेजारी बसले होते. तिने माझा हात इतका आवळला होता की नखं रुतली. मी नुसती ओरडत होते, "बाबा, लवकर चालवा." बाई वाचली, मूल राहिलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, मला डॉक्टरकीला घाला. बाबा म्हणाले, "घालतो." दुसरी जीप घ्यायला जे काही साठवलं होतं ते सगळं त्या एका शब्दात गेलं.

क्लास चिखलीला होता. नाव सांगत नाही. तो बंद पडून त्याच्या जागी दुसरा आला तरी काही बिघडत नाही, सगळे एकाच मुशीतले. खाली दुकानं, वर पत्र्याचा हॉल, मागे मुलींचं होस्टेल. सर बाहेरून आलेले होते, स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचे आणि फिजिक्स असं शिकवायचे की तास कधी संपला कळायचं नाही. हेही कबूल केलं पाहिजे. शिकवता येत नसतं तर त्यांना कोणीच डोक्यावर घेतलं नसतं.

प्रवेशाच्या दिवशी ऑफिसात बापांची रांग होती. आमच्याकडे पोर कोणाच्या हवाली करायचं म्हणजे ते तोंडाने सांगावं लागतं. प्रत्येक बाप टेबलाशी पोचला की पोराच्या मानेवर हात ठेवून तेच बोलत होता. आमची पाळी आली तसे बाबा म्हणाले, "सर, पोरगी आजपासून तुमची. हात उचलाले मांगंपुढं पाहू नका. फक्त नंबर लागला पाह्यजे."

सर हसले. त्यांच्या टेबलावर ठिबक सिंचनाच्या नळीचा हातभर तुकडा पडला होता, तीच काळी, लवचीक नळी जी कोणत्याही वावरात कपाशीच्या ओळीतून गेलेली दिसते. मला वाटलं नमुना म्हणून ठेवलाय. नंतर कळलं की एका मुलाच्या वडिलांनीच स्वतःच्या वावरातली कापून, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, सरांना आणून दिली होती. लाकडी छडी मोडते, ही मोडत नाही, म्हणून.

पहिल्या पंधरवड्यातच आम्ही तिला 'ठिबक' म्हणायला लागलो. शुक्रवारी पेपर व्हायचा, शनिवारी सकाळी मार्क लागायचे. मागच्या आठवड्यापेक्षा ज्याचे मार्क कमी, त्याला पुढे बोलवायचे. पास-नापासाचा प्रश्न नव्हता. हॉलमध्ये सगळ्यांत जास्त मार्क तुमचे असले आणि मागच्या वेळेपेक्षा एकाने घसरले तरी तुम्ही रांगेत. सर म्हणायचे, "हात पुढे." आणि ज्याला बोलावणं आलं त्याच्याबद्दल मागच्या बाकांवर कुजबुज व्हायची, "आज याचा नंबर लागला."

घरी नंबर लागणं म्हणजे मेडिकलला प्रवेश मिळणं. हॉलमध्ये नंबर लागणं म्हणजे ठिबक. आम्ही पोरं त्यावर खूप हसायचो. "काय बे, लागला का नंबर?" "लागला ना बाप्पा, दोन्ही हातावर लागला." हसल्याशिवाय तिथे राहताच आलं नसतं.

ठिबक कशी लागते हे ज्याला लागली त्यालाच ठाऊक. काठी जिथे पडते तिथेच लागते. नळी तळहाताला वळसा घालते आणि तिचं टोक मनगटाच्या मागच्या बाजूला येऊन चावतं. हात मागे घेतला, तर पोटरीवर बसायची. एक मुलगी चक्कर येऊन पडली, तर तिच्या तोंडावर पाणी मारून, उभी करून, राहिलेले पूर्ण केले. आम्ही समोर बसून बघत होतो आणि मनात हिशेब चालू होता की मागच्या आठवड्यात आपले किती होते. आपण वाचलो एवढाच आनंद असायचा.

माझ्या ओळीच्या पलीकडे, मधल्या वाटेला लागून, एक मुलगा बसायचा. वडील चिखलीच्या मार्केटात हमाल, पाठीवर कापसाचे बोचके वाहणारे. पोरगा हुशार, पण एक खोड होती. त्याला प्रत्येक गोष्ट मुळापासून हवी असायची. एकदा सर भिंगाचं सूत्र शिकवत होते. म्हणाले, इथे चिन्ह उणे घ्यायचं. हा एकदम बोलून गेला, "काऊन?"

सर थांबले. "काय म्हणालास?"

"काऊन, सर? उणे काऊन घ्याचं?"

"काऊन," सर म्हणाले. "काव, काव. कावळा आहेस का?"

सगळा हॉल हसला. हसता हसता तोही हसला, आणि त्याचं हसणंच सरांना झोंबलं. ते वाटेतून चालत आले आणि उघड्या हाताने त्याच्या डाव्या कानावर अशी एक ठेवून दिली की त्याचं डोकं बाकाच्या कडेवर आपटलं. फटाका फुटावा तसा आवाज झाला. तो उठून नीट बसला, पेन उचललं. थोड्या वेळाने कानातून लाल धार आली आणि मानेवरून शर्टाच्या कॉलरमध्ये गेली. सरांनी फळ्यावरचं गणित पूर्ण केलं. त्यानेही एक हात कानावर दाबून ते वहीत उतरवून घेतलं. चिन्ह उणे का घ्यायचं ते मात्र त्या दिवशी राहूनच गेलं.

दोन-तीन दिवसांनी त्याचे वडील आले. मला वाटलं आता काहीतरी होणार. माणूस दारात मावत नव्हता एवढा आडवा. ऑफिसचं दार उघडंच होतं. त्यांनी सरांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा सर. पोट्टं लय बोलते. घरीबी असंच करते." मुलगा कानात कापूस घालून बापाच्या मागे उभा होता. तेव्हापासून त्याला डाव्या बाजूने हाक मारली तर ऐकू यायचं नाही. सरांनी त्याला बाक बदलून दिला, एवढंच. वाटेच्या दुसऱ्या बाजूला बसवला, म्हणजे उजवा कान फळ्याकडे राहील.

माझा नंबर बरेच दिवस लागला नाही. मी घाबरून अभ्यास करत होते, आणि तो अभ्यास होत होता, हेही खोटं नाही. मग सरांनी जाहीर केलं की परीक्षेच्या आधी निवडक मुलांची एक 'टॉप बॅच' काढणार. तिच्यात जो बसला त्याचं मेडिकल पक्कं. यादी अमुक शनिवारी लागणार. घरोघरी फोन गेले. बाबांनी त्यांच्या जीपमधल्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवलं की शनिवारी पोरीचा नंबर लागतो का ते कळणार आहे.

त्या शनिवारी यादी काही लागली नाही, पुढे ढकलली. मार्क मात्र लागले, आणि माझे घसरले होते.

"हात पुढे."

मी केले. पहिल्या फटक्याला वाटलं की हातात काहीतरी तापलेलं दिलंय. मी ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिसऱ्या-चौथ्याला आवाज आपोआप निघाला आणि निघाला तो शिवीचा. आमच्या घाटात समोरून एसटी अंगावर आली की बाबा देतात तीच शिवी.  मग सरांनी मोजणं सोडून दिलं. तळहात फाटले, मनगटाच्या मागे वळ उठले, बोटं सुजून एकमेकांना चिकटली. सर दमले तेव्हा थांबले. मला राग एवढा आला होता की दुखणं नंतर कळलं. दुपारी जेवताना पोळी तोडता येईना. चहाचा ग्लास मी बोटांच्या टोकांनी, मधून तळहात लांब ठेवून, खेकडा धरावा तसा धरला. होस्टेलमध्ये असा ग्लास धरणाऱ्या मुलीला कोणी काही विचारत नसे.

शनिवारी संध्याकाळी घरी फोन करायची परवानगी होती. फोन होस्टेलच्या मॅडमचा, आणि त्या शेजारीच उभ्या राहायच्या. "घरी रडारड नको," त्यांनी बजावलं. मी डोकं चालवलं. म्हटलं, सरळ सांगता येत नाही तर आमच्या शब्दात सांगू. गावच्या शाळेतही मास्तर रांगेत उभं करून मारायचे तेव्हा आम्ही घरी येऊन हेच म्हणायचो, बाबांनी ते कितीतरी वेळा ऐकलेलं. मी म्हटलं, "बाबा, आज माहा नंबर लागला."

पलीकडे जीपचं इंजिन, माणसांचा कालवा.  मग बाबा किंचाळले, "लागला? लागला काय? आयकलं काय बे, माह्या पोरीचा नंबर लागला!"

"बाबा, तसं नाई. बाबा, आयका ना..."

"रडू नको, माय! मी येतो. उद्याच येतो!"

मॅडमनी फोन काढून घेतला. "किती आनंद झाला बघ वडिलांना," त्या म्हणाल्या.

बाबांनी त्या संध्याकाळी पेढे वाटले. बुद्धविहारासमोर वाटले, मशिदीजवळच्या चहाच्या टपरीवर वाटले, जीप थांबवून वाटेतल्या माणसांना वाटले. हे मला आईने नंतर सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या बापाला मी एवढं हलकं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. हॉल भरलेला, पुढे आम्ही, भिंतींना लागून आईबाप उभे. सर परीक्षेला किती कमी दिवस उरलेत ते सांगत होते. बाबा पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन दारातून आत आले आणि कोणाला काही न विचारता सरळ फळ्यापाशी गेले.

"घ्या सर, तोंड गोड करा."

सरांनी पेढा घेतला. "कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय? पोरीचा नंबर लागला ना काल!"

आधी पुढच्या बाकावरचा एकजण फसकन हसला. मग दुसरा. मग सगळा हॉल. बाकांवर हात आपटून, एकमेकांच्या अंगावर पडून पोरं हसली. वर्षभराचं साचलेलं हसू होतं ते. सरांनाही हसू आवरेना. "हो," ते म्हणाले, "लागला खरा. चांगलाच लागला." बाबांना वाटलं सगळे आनंदाने हसताहेत. तेही हसले. लोकांकडे बघत, मान हलवत, माझ्यासमोर आले. मी उभी राहिले होते. त्यांनी एक पेढा उचलला.

"हात पुढं कर, बाई."

मी केले. दोन्ही. तळवे वर, कोपर ताठ, डोळे मिटून. सवयच लागली होती.

बराच वेळ हातावर काही पडलं नाही. डोळे उघडले तर बाबा पेढा धरून उभे होते आणि माझ्या हातांकडे बघत होते. हॉलमधलं हसू बाकाबाकाने कमी होत गेलं.

सर मागून म्हणाले, "काळजी करू नका, दोन दिवसांत सूज उतरते. आणि तुम्हीच तर सांगितलं होतं, हात उचलायला मागेपुढे पाहू नका."

 बाबांनी मुठीत पेढ्याचा चुरा केला. मग वळले आणि त्याच हाताने सरांच्या तोंडात अशी भडकावली की चष्मा उडून भिंतीवर फुटला. सर टेबलावर आडवे झाले. टेबलावरची ठिबक बाबांच्या हाताला लागली. नंतर ती सरांच्या पाठीवर, मानेवर, डोक्यावर धरलेल्या हातांवर पडत राहिली. सरांच्या नाकातून रक्त आलं, गालाला पेढा चिकटला होता, आणि ते पुस्तकी मराठी विसरून आई गं, आई गं करत होते. मला आनंद झाला. आतून, पोटातून आनंद झाला. त्याची लाज तेव्हा वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

तो आनंद फार टिकला नाही. भिंतीकडचे आईबाप हलले. मला वाटलं, आता सगळे मिळून सरांना तुडवणार. या हॉलमध्ये एकही बाप असा नव्हता ज्याच्या पोराचे हात सुजले नव्हते.

त्यांनी बाबांना धरलं.

सगळ्यांत आधी धावला तो हमाल, त्या मुलाचा बाप. त्याने बाबांना मागून कमरेला धरून बोचकं उचलावं तसं उचललं आणि बाकांवर फेकलं. मग बाकीचे तुटून पडले. चपला, पट्टे, जेवणाचे डबे. एका बाईने पाण्याची भरलेली बाटली बाबांच्या डोक्यात घातली. "परीक्षा तोंडावर आली, अन् सराले मारते काय बे?" "क्लास बंद पडला तं आमच्या पोट्ट्यायचं काय?" कोणीतरी ठिबक हिसकावली आणि ती आता बाबांवर चालायला लागली. हमाल त्यांच्या छातीवर गुडघा देऊन ओरडत होता, "माह्या पोराचा कान गेला! आमी बोललो काय? आं? तुह्या पोरीच्या हाताचं लय पडलं तुले?"

प्रत्येक शब्दाला एक ठोसा. त्याचा पोरगा भिंतीला टेकून, उजवा कान आमच्याकडे करून, बघत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

मला हातात काही धरता येत नव्हतं, म्हणून मी चावले. हमालाच्या दंडावर पडले आणि दात रुतवले, तोंडात खारट लागेपर्यंत सोडलं नाही. त्याने मला झटकलं. त्या झटापटीत लोखंडी बाक उलटला आणि त्याची कड बाबांच्या उजव्या हातावर पडली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तेवढा एकच आवाज बाबांनी काढू दिला. स्वतः तोंडातून हूं की चूं केलं नाही.

"पुरे, सोडा त्यांना," सर म्हणाले. नाकाला रुमाल लावून ते उभे होते. "जाऊ द्या. मुलांचा तास बुडतोय."

आणि ते थांबले. मला त्या माराचा नाही एवढा या थांबण्याचा राग आहे. एका वाक्यात थांबले, चपला घातल्या, शर्ट खोचले, बाक सरळ केले. एकाने फुटलेला चष्मा उचलून सरांना दिला. आम्ही दारातून बाहेर पडलो तेव्हा पायाखाली पेढे चिकटत होते आणि मागे खडूचा आवाज सुरू झाला होता.

जीप खाली उभी होती. बाबांचा उजवा हात कामातून गेलेला. डाव्याने स्टिअरिंग धरलं तर गिअर कोण टाकणार? मी शेजारी बसले. बाबा क्लच दाबायचे, म्हणायचे, "दुसरा," आणि मी मनगटाने ढकलून दुसरा टाकायची. "तिसरा." तिसरा टाकायची. प्रत्येक गिअरला माझ्या तळहातातून कळ जायची आणि प्रत्येक वळणाला त्यांच्या. चिखलीहून बुलढाण्याच्या दवाखान्यापर्यंत आम्ही दोघांनी मिळून ती जीप अशी आणली.

बुलढाणा दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "मीच म्हनलो होतो ना सराले?"

"हो, बाबा."

"मले वाटलं, सगळेच म्हनतात."

त्यांच्या एका डोळ्यावर सूज उतरली होती आणि दुसऱ्यातून पाणी वाहत होतं. मग बराच वेळ नुसतं "दुसरा", "पयला" एवढंच. दवाखान्याच्या फाटकाशी म्हणाले, "परीक्षा देजो पण. सोडू नको."

मी परीक्षा दिली. आईने हळद लावून बांधलेल्या हातांनी, घरी बसून, जुन्या पुस्तकांतून आणि मोबाइलवरच्या फुकटच्या तासांतून अभ्यास केला. मेडिकलला नंबर लागला नाही. पुढच्या वर्षीही लागला नाही, नर्सिंगला लागला. आता लोकांना आवडेल असं उत्तर देता येईल मला, की बघा, क्लासचा काही उपयोग नसतो. पण ते खोटं होईल. मी त्या हॉलमध्ये टिकले असते तर बहुधा माझा नंबर लागला असता. हमालाच्या पोराचा लागला. क्लासने चौकात त्याचा फोटो लावला, उजव्या बाजूने काढलेला. मला त्या फोटोचा हेवा वाटला आणि हेवा वाटल्याचा संतापही आला. दवाखान्यात कोणी बाई अडली की अजूनही मनात येतं, मी डॉक्टर असते तर. बाबांची दोन बोटं वाकडीच राहिली; हॉर्न आता ते कोपराने वाजवतात, आणि घाटात पूर्वीपेक्षा जास्त वाजवतात.

गेल्या दिवाळीच्या आधी बुलढाण्याच्या बसस्टँडवर मला तो हमालाचा पोरगा दिसला. कॅन्टीनमध्ये चहा पीत होता, अंगाने भरलेला, हातात डॉक्टरची बॅग. शेजारी सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी. मी डाव्या बाजूने जाऊन दोनदा हाक मारली, त्याने वळून बघितलं नाही. मग लक्षात आलं. बाकाच्या त्याच डाव्या टोकाला बसले, दंडाला हात लावला, तेव्हा ओळखलं. खरंच आनंद झाला त्याला. बोलताना मान वळवून उजवा कान माझ्याकडे आणायचा, आणि मान दुखली की परत सरळ व्हायचा. पुढच्या तालुक्यात सरकारी डॉक्टर होता. ही धाकटी बहीण, हिला सुट्टीत आपल्या क्वार्टरवर घेऊन चालला होता.

"कुठं शिकते?" मी विचारलं.

"चिखलीले. आपल्याच क्लासले."

"सरायकडे?"

"मंग! माहा नंबर कुठून लागला?"

त्याने मान सरळ केली आणि चहा ओढला. "काऊन?" मी म्हटलं. "काऊन घातलं तिले तठी?" त्याला ऐकू आलं नाही. तो समोरच्या बसकडे बघत, हसतमुखाने, मान डोलवत होता. माझे दात शिवशिवले. खरंच सांगते, त्याच्या बापाच्या दंडाची चव तोंडात आली.

तेवढ्यात त्या मुलीने ग्लास उचलला. बोटांच्या टोकांनी, तळहात लांब ठेवून.

मी पुढे वाकले. "तुहा नंबर लागला काय, माय?"

तिने आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला तो शब्द ठाऊक आहे हे तिला कळलं. खालच्या आवाजात म्हणाली, "हो, ताई. काल लागला."

ती उजवीकडे बसली होती, त्यामुळे हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं. हॉलमधला तो अर्थ तो केव्हाच विसरून गेला होता; खो खो हसला. बहिणीच्या डोक्यावर प्रेमाने टपली मारत म्हणाला, "पागल हाय निस्ती! परीक्षाच नाई झाली अजून, अन् म्हने नंबर लागला."

मी उठले, मुलीला थोडं सरकायला सांगितलं आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.